उजव्या हाताची सुरी

भाड्याची खोली बघायला गेले तेव्हा घरमालकांनी माझं नाव, गाव, नवरा, पगार यांतलं काहीच विचारलं नाही. ओट्यावर उकिडवे बसून ते विळ्याला नवी मूठ बसवत होते. मान वर न करता म्हणाले, "हात बघू."

मला वाटलं, हात बघून भविष्य सांगत असतील. मी उजवा तळवा पुढे केला. "तो नाय, डावा," ते म्हणाले. मग माझ्या डाव्या हाताची तर्जनी चिमटीत धरून त्यांनी उन्हाकडे वळवली आणि तिच्यावरच्या जुन्या खुणा नीट पाहिल्या. "बोथट सुरी वापरता. धारेची सुरी माणसाला कापत नाय मॅडम. बोथट कापते, कारण ती घसरते. खोली तुमची. पण सामानाआधी तुमची सुरी मला आणून द्या."

मुरबाडला मी एका दवाखान्याच्या प्रयोगशाळेत रक्त तपासायचं काम करते. दिवसभर दुसऱ्यांच्या बोटांना मी सुया टोचायच्या आणि माझ्या बोटावर या अनोळखी माणसाने बोलायचं, याचा मला रागच आला. पण खोलीला दोन खिडक्या होत्या आणि मागच्या दारातून सिद्धगडाकडचे डोंगर दिसत होते, म्हणून राग गिळला. संध्याकाळी सुरीही नेऊन दिली. दुसऱ्या दिवशी ती परत आली तेव्हा टोमॅटोवर नुसती ठेवली तरी आत जात होती.

सगळी गल्ली त्यांना सर म्हणायची. शहापूरकडच्या एका संस्थेत पोरांना फिटरचं काम शिकवण्यात त्यांची हयात गेली होती. निवृत्त होऊन मुरबाडला घरी आले, पण शिकवणं काही सुटलं नव्हतं. पोरं गेली आणि त्यांच्या जागी आम्ही सापडलो, एवढाच फरक. कोणाचा स्क्रू-ड्रायव्हर घसरला, कोणाच्या कुदळीने फोड आला की सर आलेच. त्यांचं ठरलेलं वाक्य होतं, "हत्यार बघायच्या आधी हात बघा." हे ते इतक्यांदा म्हणायचे की गल्लीतल्या बायका त्यांच्या पाठीमागे त्यांच्याच आवाजात म्हणून दाखवायच्या. मीसुद्धा.

म्हसाच्या जत्रेला एकदा त्यांच्याबरोबर जायची चूक मी केली होती. लोक तिथे घोंगड्या घेतात, बैल बघतात, हातोली नावाची मिठाई खातात. सर सकाळी लोहाराच्या पालासमोर बसले ते दुपारपर्यंत. एकेक कोयता उचलायचा, नखाने वाजवून कानाशी धरायचा, मग पातं सूर्याकडे करून एक डोळा मिटायचा. "चकाकली की ती धार नाय," ते लोहारालाच शिकवत होते. "चकाकतं म्हणजे तिथं सपाट हाय. खरी धार दिसत नाय." लोहार म्हातारा आणि सोशिक होता. शेवटी तोही म्हणाला, "सर, आता तुमीच या पालात बसा, मी जत्रा बघून येतो." सरांना यातलं काही लागलं नाही. ते एकही कोयता न घेता उठले, आणि मी उपाशी घरी आले.

आणखी एक खूळ सांगायला हवं. आमच्याकडे अख्खा भोपळा बाईमाणसाने फोडायचा नसतो. पहिली सुरी पुरुषाने घालायची, मग बाईने हव्या तेवढ्या फोडी कराव्यात. का, ते कोणी विचारत नाही. गल्लीतले बहुतेक पुरुष सकाळीच कामाला जायचे, त्यामुळे भोपळे सरांकडे येत. ते अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून भोपळ्यासमोर बसायचे, देठाशी सुरी लावून एक घाव घालायचे आणि सुरी खाली ठेवायचे. हातातून हातात सुरी द्यायची नाही, जमिनीवर ठेवायची आणि दुसऱ्याने उचलायची, हा त्यांचा दुसरा नियम. मी एकटी राहते, चार बुकं शिकलेय, तरी एकदा घरात मीच भोपळा चिरला तेव्हा ते दारात येऊन उभे राहिले. "आवाज आला," एवढंच म्हणाले. दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

या सगळ्या कारभाराला काकू, म्हणजे त्यांची बायको, पुरून उरायच्या. त्या विळीवर बसल्या की सर स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर. सगळ्या गल्लीच्या हत्यारांना धार लावणाऱ्या माणसाने काकूंच्या विळीला मात्र कधी हात लावला नव्हता. काकू ती स्वतःच दगडावर घासायच्या. "यांनी धार लावली की मला शिकवायला बसतात," असं त्या मला म्हणाल्या होत्या.

एका चैत्रात काकूंना पक्षाघात झाला. उजवा पाय महिन्याभरात काठीवर आला. उजवा हात मात्र आला नाही. तो कोपरापासून खाली नुसता सोबत असायचा. त्यात जीव नव्हता आणि वेदनाही नव्हती. चटका बसला तरी त्यांना कळत नसे. हृदयाचे ठोके अनियमित म्हणून डॉक्टरांनी रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या सुरू केल्या. दर महिन्याला त्यांचं रक्त मीच तपासायची. ते गोठायला इतरांच्या अडीचपट वेळ लागत होता. तसाच लागायला हवा होता, पण तो आकडा मी दोनदा तपासायची. आपल्याला एरवी पाच मिनिटांत विसरायला होणारी जखम या बाईला दवाखान्यात नेऊ शकते, हे मला माहीत होतं आणि मी ते सरांना सांगितलं होतं. नंतर वाटलं, इतकं स्पष्ट सांगायला नको होतं.

त्यांची एकुलती मुलगी शहापूरला शिक्षिका आहे. तिचं म्हणणं सरळ होतं. आईने आता माझ्याकडे यावं, आयतं जेवावं, आराम करावा. वाईट काय होतं त्यात? पण काकूंनी एकच सांगितलं, "हात मेलाय, मी नाय मेले. तिथं मला खुर्चीत बसवतील आन हातात रिमोट देतील. मी माझ्या चुलीपाशी हाय ती बरी हाय." मुलगी म्हणाली, "राहा. पण बोट कापलं तर मी ऐकणार नाही." खाली बसून विळी चालवणं तर आता संपलंच होतं. टेबलापाशी खुर्चीवर बसून, डाव्या हाताने, सुरीने चिरायचं एवढाच मार्ग होता. आणि सुरी निवडायचं काम अर्थातच सरांकडे आलं.

त्यांनी आधी फळी केली. सागाची, तिच्यात खालून वर आलेले दोन बिनगंजाचे खिळे. कांदा, बटाटा त्या खिळ्यांवर खोचायचा म्हणजे धरायला दुसरा हात नको. खाली ओलं फडकं टाकलं की फळी हलत नसे. काकू मेलेला उजवा हात फळीच्या काठावर वजनासारखा ठेवायच्या. मी ती फळी बघून सरांना पहिल्यांदा मनापासून हुशार म्हटलं.

मग सुरी. बाजारातल्या सुऱ्या त्यांनी दोन दिवसांत निकालात काढल्या. ही जड, ही लवचीक, हिचं पोलाद म्हणजे डब्याचा पत्रा. नंतर कोणीतरी त्यांना मोबाइलवर जपानी सुऱ्या दाखवल्या आणि सर हरवलेच. दिवसभर ओट्यावर बसून जपानी म्हातारे मुळा कसा सोलतात ते बघायचे. मुळ्याची सलग, कागदासारखी पट्टी निघाली की मला हाका मारून बोलवायचे. हे पोलाद कडक, म्हणून धार पातळ ठेवता येते. पातळ म्हणून जोर कमी लागतो. जोर कमी म्हणून घसरत नाही. हे सगळं बरोबर होतं. शहापूरला जाऊन, हॉटेलांना भांडी पुरवणाऱ्या एका दुकानदाराला त्यांनी तीन सुऱ्या मागवायला लावल्या, आणि आठवडाभर त्या दुकानात उभं राहून टोमॅटो, कांदे, वर्तमानपत्राचे कागद कापले. दुकानदार म्हणे त्यांना बघितलं की मागच्या दाराने चहाला जायचा.

दोन सुऱ्यांना आपल्यासारखी दोन्ही बाजूंनी धार होती. त्यांतली एक आखूड, रुंद, हलकी. साध्या घरात भाजी चिरायला जपानी बाया हीच वापरतात, असं दुकानदारानेही सांगितलं. सरांनी नाक मुरडलं. "दोन्हीकडून धार म्हणजे दोन्ही डगरींवर हात." त्यांचं मन बसलं तिसरीवर. ती एका अंगाने आरशासारखी सपाट आणि दुसऱ्या अंगाने उतरती, थेट सुताराच्या पटाशीसारखी. मूठही साधी गोल नाही. तिच्या एका बाजूला उंचवटा होता. तो हातात असा बसायचा, की सुरी फिरतच नसे. ती घरी आणली आणि सरांनी तिने मला एक काकडी कापून दाखवली. चकतीतून मला पलीकडची खिडकी दिसली.

"देवानं बनवलीय," सर म्हणाले. मला आठवतं, मीही मान डोलावली.

श्रावणातला सोमवार होता, काकूंचा उपास. सुरीला हळदकुंकू लावून सरांनी ती टेबलावर ठेवली. काकूंनी डाव्या हाताने उचलली. पहिलं वाक्य त्यांचं, "मूठ टोचते ओ."

"सवय होईल," सर म्हणाले.

खिळ्यांवर रताळं खोचलेलं होतं. पहिली चकती अर्धी जाड, अर्धी पातळ आली. दुसरी तर मध्येच संपली. सुरी सरळ खाली जायच्याऐवजी डावीकडे बाहेर निसटत होती. "पळते ही," काकू म्हणाल्या. "हात नवा हाय," सर म्हणाले. काकूंनी ओठ आवळले, मनगट आत वळवलं आणि सुरीला जबरदस्तीने उजवीकडे दाबत नेलं. मी कामावर निघाले होते, पर्स खांद्याला होती. का कोण जाणे, तिथेच उभी राहिले. सर त्यांच्या पाठीशी, हात मागे बांधून. खोलीत फक्त सुरी फळीवर आपटल्याचा आवाज होता. ठक. ठक. मग एकदा वेगळा आवाज आला, मऊ. काकूंनी आणखी दोन चकत्या कापल्या. मग थांबून फळीकडे बघत म्हणाल्या, "आतून लाल हाय का गो हे रताळं?"

रताळं पांढरंच होतं. फळीच्या कडेवर ठेवलेल्या उजव्या हाताच्या करंगळीतून रक्त वाहत होतं आणि काकूंना त्याचा पत्ता नव्हता.

मी पर्स टाकली आणि ती करंगळी फडक्यात आवळून हात वर धरला. जखम छोटी होती. दुसऱ्या कोणाची असती तर मी चिकटपट्टी लावून कामावर गेले असते. इथे मी घड्याळाकडे बघत उभी राहिले. दहा मिनिटांनी फडकं बदललं, ते भिजलं. वीस मिनिटांनी दुसरं भिजलं. "थांबलं का?" सर दर मिनिटाला विचारत होते आणि शेवटी मी त्यांच्यावर ओरडले. काकू एकट्याच शांत होत्या. "मला दुखत नाय ना, मग तुमी दोघं कशाला घाबरताय," म्हणाल्या. पाऊण तासाने रक्त थांबलं. त्या क्षणी सरांचा मला इतका राग आला होता, की आताही तो पूर्ण गेलेला नाही.

"पोरीला सांगू नका," काकू म्हणाल्या. मीही तेच म्हटलं असतं. पण सरांनी लगेच फोन लावला. "आईचं बोट कापलं. चूक तिची नाय, माझी. सुरी मी निवडली." मग मुलगी म्हणाली ते बाहेरपर्यंत ऐकू आलं. दसऱ्याला ती येणार होती. आईने तिच्यासमोर घारगे करायचे, भोपळा चिरण्यापासून तळण्यापर्यंत. एक थेंब रक्त दिसलं तर त्याच गाडीतून शहापूर.

तीन दिवस सर ओट्यावर आले नाहीत. चौथ्या दिवशी मी भाजी द्यायला आत गेले तर टेबलापाशी काकूंच्या खुर्चीत ते बसलेले. समोर खिळ्यांची फळी, फळीवर बटाटा आणि ती सुरी त्यांच्या डाव्या हातात. त्यांनी कापलं. सुरी डावीकडे निसटली. पुन्हा कापलं. पुन्हा निसटली. मग सुरी उजव्या हातात घेतली आणि एका दमात सरळ, पातळ चकती काढली.

"बघा मॅडम," ते म्हणाले. "धार उजव्या अंगाला काढलीय. उजव्या हातासाठी. ही डाव्या हातात गेली की बाहेर पळणारच. मुठीचा उंचवटापण उजव्या तळव्याचा. ती टोचते म्हणाली आन मी सवय होईल म्हणालो. आठ दिवस दुकानात उभं राहून मी माझ्या हाताची सुरी निवडली." ती चकती उचलून म्हणाले, "आयुष्यभर पोरांना काय सांगत होतो?"

त्यांच्याच आवाजात ते वाक्य म्हणून दाखवायची हिंमत त्या दिवशी मला झाली नाही.

शहापूरच्या दुकानात ती आखूड, दोन्हीकडून धार असलेली सुरी अजून होती. ती सरांनी आणली, पण काकूंना लगेच दिली नाही. आधी ते स्वतः डाव्या हाताने चिरायला शिकणार होते. उजवा हात त्यांनी उपरण्याने कमरेला बांधला. या वेड्यापुढे कोण काय बोलणार? गल्लीत हसू झालं. चहा सांडायचे, भाजीच्या फोडी टेबलाखाली जायच्या, कपाळावर घाम. काकू समोर बसून आठवडाभर बघत राहिल्या. मग एका सकाळी, मी तिथेच असताना, म्हणाल्या, "मनगट सैल सोडा ओ. डाव्यानं दाबायचं नसतं, ओढायचं असतं."

"तुला गो कसं ठाव?"

"मी डावरीच होते." काकू लसूण सोलत असाव्यात इतक्या सहज म्हणाल्या. "लग्न होऊन आले तेव्हा. तुमच्या आईनं सोडवलं. डाव्या हातानं केलेलं देव खात नाय म्हणायच्या. पयलं वरीस असाच हात बांधून ठेवायच्या माझा, पदरानं. तुमचं आता उपरणं हाय तसा. तुमी तवा शहापूरला असायचात."

सरांनी सुरी खाली ठेवली. अनोळखी भाडेकरणीचा हात उन्हात धरून बघणारा हा माणूस चाळीस वर्षं जिच्या हातचं खात होता, तिचे हात त्याने कधी बघितलेच नव्हते. ते उठले, बायकोपाशी गेले आणि तिचा डावा हात हातात घेऊन बराच वेळ नुसते बघत बसले. काकू लाजल्या. "सोडा, मॅडम हायेत," म्हणाल्या. मी निघून आले. माझ्या खोलीचं दार उघडताना मला रडू आलं, ते सरांसाठी की काकूंसाठी, कोणास ठाऊक.

दसऱ्याला मुलगी आली. आदल्या दिवशी खंडेनवमीला पुजलेली हत्यारं कोपऱ्यात तशीच झेंडूत होती. मुलगी टेबलासमोर खुर्ची ओढून बसली, मोबाइल उलटा ठेवून, परीक्षा घ्यायला बसतात तशी. मी कापूस आणि पट्टी घेऊन दाराशी. फळीच्या खिळ्यांवर बसवलेला लाल भोपळा, अख्खा. सर अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून आले. आम्हाला वाटलं, आता ते पहिली सुरी घालतील. त्यांनी आखूड सुरी उचलली, भोपळ्याला एक फेरी मारून देठ पाहिला आणि सुरी काकूंसमोर टेबलावर ठेवली. मग तीन पावलं मागे गेले.

"बाबा, अख्खा आहे तो," मुलगी म्हणाली.

"दिसतोय मला."

काकूंनी त्यांच्याकडे बघितलं. उजवा हात डाव्याने उचलून त्यांनी मांडीवर ठेवला, टेबलापासून दूर. सुरी देठाशी लावली. सरांनी मागे बांधलेल्या हातांची नखं तळव्यात रुतली होती, ती मला दारातून दिसत होती. काकूंनी दाबलं नाही. स्वतःकडे ओढलं. भोपळा करकरला, सुरी सरळ खाली गेली आणि दोन भाग फळीवर वेगळे झाले. पुढचा तासभर कोणी उठलं नाही. फोडी झाल्या, साली निघाल्या, घारगे तळले गेले. रक्ताचा एक थेंब नाही. मुलगी सात घारगे खाऊन एकटी शहापूरला गेली.

सर गेल्या माघात गेले. दुपारी ओट्यावर बसल्या बसल्या, मांडीवर कोणाचा तरी विळा होता. पितृपक्षात समोरची वहिनी भोपळा घेऊन सवयीने त्यांच्या ओट्यापर्यंत आली आणि तिथेच थबकली. आता कोणाकडे न्यायचा? काकूंनी आतून बघितलं. "ठेव गो इथं," म्हणाल्या. वहिनी घुटमळली. एक तर बाई, त्यात कुंकू गेलेली, त्यात डावा हात. पण ठेवला तिने. तेव्हापासून गल्लीतले भोपळे काकूंकडे येतात.

परवा मीही नेला. भिंतीवर दोन सुऱ्या शेजारी टांगलेल्या होत्या. आखूड आणि ती दुसरी, उजव्या हाताची, तेल लावून लखलखीत ठेवलेली. करंगळीचा तो दिवस आठवला. म्हटलं, "काकू, ही कशाला ठेवलीय? चुकून हातात आली तर? विकून टाका."

"ती त्यांच्या हाताची हाय," काकू म्हणाल्या. त्यांनी आखूड सुरी काढली, डाव्या मुठीत धरली आणि माझ्या भोपळ्यावर पहिला घाव घातला.